साइड ड्रम आणि मधली चूप

ड्रमच्या आवाजाला कंप्रेसर लावायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मी वयाच्या चोपन्नाव्या वर्षी शिकले. हसा खुशाल. आमच्या शाळेतल्या बायकाही हसल्या. पाचवी ते सातवीला गणित शिकवणारी बाई शनिवारची सकाळची शाळा सुटली की डबा खाते, पूल ओलांडून गोखिवऱ्याला जाते आणि हळदीच्या कार्यक्रमांना स्पीकर लावणाऱ्या एका साउंडवाल्याच्या गाळ्यात कानांवर हेडफोन चढवून बसते, हे ऐकून कोण नाही हसणार? मला त्याचं काही वाटलं नाही. मला माझ्या नवऱ्याचा ड्रम ऐकायचा होता, आणि तो फोनमधून नीट ऐकू येत नव्हता.

नवरा आमच्या गावच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचा. आठवडाभर गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात लाकडी खोकी बनवायची आणि लग्नाचे दिवस आले की निळा कोट घालून, पट्टा गळ्यात अडकवून गावभर फिरायचं. आमच्याकडे, म्हणजे वसईच्या आमच्या ख्रिस्ती गावांत, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका नवरीसाठी किंवा नवऱ्यामुलासाठी विहिरीवर पाणी आणायला जातात. जाताना बायका आपली आपण गाणी म्हणतात, येताना पुढे बँड असतो. पाण्याचे हंडे डोक्यावर, पुढे कॉर्नेट, क्लॅरिनेट, मोठा ड्रम आणि हा. बावीस वर्षं मी त्याच्यामागून ती वाट चालले आणि बावीस वर्षं त्याच्याशी एकाच गोष्टीवरून भांडले.

तो पळतो, असं माझं म्हणणं होतं. म्हणजे लय पळवतो. सुरुवात करतो संथ, आणि घर जवळ आलं की जेवणाचा वास आल्यासारखा सुटतो. मागे आम्ही बायका साडी सावरत धावतोय, हंड्यातलं पाणी मानेवरून पाठीत उतरतंय, आणि हा आपला पुढे कडकडकडकड. घरी आल्यावर मी पदर पिळत त्याला सांगायचे, "अरे, लग्न आहे की आग लागलीय?" तो म्हणायचा, "मी नाही पळत. तुला चालता येत नाही." मी गणिताची बाई. मला मोजता येत नाही असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी त्याला घरात तूच म्हणायचे, अहो-जाहो फक्त फादर घरी आले की. त्यामुळे भांडण अगदी मोकळंढाकळं व्हायचं.

तर एकदा, त्याच्या पुतण्याच्या लग्नात, मी ठरवलं की याला पुरावाच दाखवायचा. विहिरीवरून निघताना हंडा जावेच्या डोक्यावर दिला, फोन काढला, रेकॉर्डिंग लावलं आणि घरापर्यंत त्याच्या शेजारून चालले. अकरा मिनिटं. त्याला सांगितलं, "आता घरी गेल्यावर ऐक, आणि मग बोल." तो हसला. घरी गेल्यावर पाहुणे, जेवण, मटण कमी पडलं, कुणाचं तरी पोर हरवलं. रेकॉर्डिंग राहिलं. नंतर तो दोन-तीनदा म्हणाला, "अगं, लाव ना तो तुझा पुरावा." मी म्हणायचे, लावू कधीतरी, कुठे पळून जातंय.

चार महिन्यांनी तो गेला. दुपारी कारखान्यात छातीत दुखायला लागलं आणि संध्याकाळपर्यंत संपलं सगळं. त्याचं मी इथे लिहीत नाही, मला जमत नाही.

ते अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग सोडलं तर त्याच्या ड्रमचा माझ्याकडे काहीही आवाज नव्हता. फोटो ढीगभर. निळ्या कोटात, काळ्या चष्म्यात, मुलीला खांद्यावर घेतलेला. आवाज कुणी ठेवत नाही. रोज डोकं उठवणारी गोष्ट कोण जपून ठेवतं? जेवणाच्या टेबलावर, सोफ्याच्या हातावर, बसच्या खिडकीच्या दांडीवर त्याची बोटं सतत चालू असायची. मी एकदा त्याच्या काठ्या तांदळाच्या डब्यात लपवल्या होत्या. आता घरात इतकी शांतता असते की फ्रिज बंद झालेला कळतो, आणि मला त्या बोटांची इतकी आठवण येते की मी स्वतःच टेबलावर टकटक करून बघते. माझ्या हातून तसं वाजत नाही.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली. दागिने नकोत, मोठा हॉल नको. पाणी आणताना डॅडींचा ड्रम पाहिजे. मी म्हटलं, ड्रम आहे वरच्या खोलीत, बँडमधला दुसरा कुणी वाजवेल. ती म्हणाली, "डॅडींचा ड्रम म्हणजे डॅडींनी वाजवलेला. दुसऱ्याच्या हातात तो पट्टा मला बघवणार नाही. नाहीतर मग काहीच नको. पाणी मुकाट्याने आणू." ही पोरगी लहानपणी बापाच्या ड्रमचा पट्टा धरून सगळ्या वराती चालायची. हट्टी आहे, आणि कुणावर गेलीय हे मला कुणी सांगायला नको. मी तिला फोनमधलं रेकॉर्डिंग दिलं. आपण दोघी मिळून ऐकू म्हणाली, तर मी स्वयंपाकघरात भांडी घासायला निघून गेले. तोवर मी ते एकदाही ऐकलं नव्हतं. बाहेर आले तेव्हा ती डोळे पुसत होती, पण चिडलेलीही होती. "मम्मी, यात डॅडी कुठेत? नुसता कॉर्नेट आहे आणि वारा आहे."

म्हणून मी गोखिवऱ्याला गेले.

तो साउंडवाला चिंचोटीकडचा आगरी माणूस, माझ्याच वयाचा. हळदीला मोठमोठे स्पीकर लावणं हा त्याचा धंदा. त्याचा गाळा नवऱ्याच्या कारखान्याच्याच गल्लीत, दुपारचा डबा दोघं एकत्र खायचे. माझ्या हातचं सुक्या बोंबलाचं कालवण त्याने वर्षानुवर्षं खाल्लं होतं, त्यामुळे मला हक्क होता. मी फोन त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "भाऊ, यातून ह्यांचा ड्रम बाहेर काढून द्या."

त्याने ऐकलं. मान हलवली. मग म्हणाला, "वयनी, माज्याकरे पॅड हाय. बटन दाबला का पाहिजे तो डरम. याच्यापेक्षा भारी करून देतू."

मी म्हटलं, "भाऊ, मला भारी नको. मला माझा पाहिजे."

त्याने परत एकदा ऐकलं. मग त्याने हेडफोन माझ्याकडे सरकवला. "मंग तुमीच शिका. मी करीन तं माजा व्हईल. मना हळदीचा कान हाय."

तर असं सुरू झालं. मुलीचा जुना लॅपटॉप, त्यात त्याने बसवून दिलेलं सॉफ्टवेअर, आणि दर शनिवारी त्याचा गाळा. आजूबाजूला पत्रे कापायची मशीन चालू असायची, ती जेवणाच्या सुट्टीत बंद झाली की आमचा वर्ग भरायचा. मी वही नेली होती. तो म्हणाला, वही ठेवा घरी.

कंप्रेसर मला समजला तो माझ्याच वर्गावरून. वर्गात चाळीस पोरं. चार जण बोंबलतात. बाईने काय करायचं? रेघ ठरवायची की इथवर आवाज चालेल, याच्यावर नाही. ती रेघ म्हणजे थ्रेशोल्ड. वर गेला की किती दाबायचा, तो रेशो. किती पटकन दाबायचा, तो अटॅक. आणि दाबलेला कधी सोडायचा, तो रिलीज. ते चार बोंबलणारे खाली आले की मग आपण अख्ख्या वर्गाचा आवाज वाढवायचा, आणि तेव्हा मागच्या बाकावरची पोरगी काहीतरी म्हणतेय ते ऐकू येतं. साउंडवाल्याला मी हे सांगितलं तर तो खूश झाला. "बरोबर. मोट्याला दाबला का बारका वर येतं. येवराच हाय कंप्रेशन, बाकी समदी बटना."

कळणं सोपं असतं. हाताला येणं निराळं.

पहिल्या शनिवारी मी काय केलं, तर मास्तरीणपणाच केला. अटॅक शून्यावर आणला. आवाज झाला रे झाला की धर मानगूट. रेशो वाढवला, रेघ खाली ओढली. पडद्यावर ती हिरवी रांग अशी सरळ आली की मला पेपर तपासून झाल्यासारखं बरं वाटलं. मग ऐकलं. ड्रम मेला होता. ओल्या पुठ्ठ्यावर कुणी चापट मारावी तसा फत्, फत्.

"वयनी," साउंडवाला म्हणाला, "तुमी त्यानी मारायच्या आदीच त्याचा हात पकरला. काठी आदी परू द्या. टोला निसटू द्या. मंग पकरा."

काठी आधी पडू द्या. मी अटॅक थोडा थोडा वाढवत गेले, आणि एका जागी, कसं सांगू, काठी कातड्याला लागलेली ऐकू आली. नुसता ड्रम नाही, काठी. त्याच्या त्या जुन्या काठ्या, उजव्या काठीचं टोक जरा फुटलेलं, तिचा आवाज डावीपेक्षा सुका यायचा. मी तो विसरले होते. विसरले होते हेही मला माहीत नव्हतं. मी हेडफोन काढला आणि बाहेर गल्लीत जाऊन उभी राहिले. साउंडवाल्याने चहा सांगितला.

दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी वेगळीच कटकट. मोठा ड्रम धम्म करून पडला की कंप्रेसर त्याला दाबायला जायचा आणि त्याच्याबरोबर साइड ड्रम, कॉर्नेट, सगळेच खाली. मग हळूहळू वर. पुन्हा धम्म, पुन्हा खाली. अख्खा बँड दमेकऱ्यासारखा धापा टाकतोय. मी रागाने लॅपटॉप मिटला. घरी आणून पुन्हा उघडला. शाळेत मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसून रिलीज कमी-जास्त करत बसले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, सहामाहीचे पेपर?" मी म्हटलं, होतील. शेवटी साउंडवाल्याने दाखवलं की खालचा जाडा आवाज कंप्रेसरच्या कानावरच जाऊ द्यायचा नाही, असंही करता येतं. मोठा ड्रम वाजतो, पण त्याच्यामुळे कुणाला शिक्षा होत नाही. "आनि जास्ती दाबू नका," तो म्हणाला. "फोननी आदीच दाबलेलं हाय. मार खाल्लेल्याला कितीक मारणार?"

डिसेंबर लागेपर्यंत मला जमायला लागलं होतं. वारा कमी केला, कॉर्नेट मागे ढकलला, आणि अकरा मिनिटांतून माझा नवरा थोडा थोडा पुढे आला. रोल, म्हणजे दोन्ही काठ्यांचा सलग कडकडाट, मारताना तो श्वास रोखायचा आणि रोल संपला की सोडायचा, तेही ऐकू यायला लागलं. मी रोज ऐकायचे. काम होतं म्हणून ऐकायचे असं स्वतःला सांगायचे.

आता माझी चूक सांगते.

आमच्या गावात एक रीत आहे. वरात कितीही जोरात असो, ज्या घरात वर्षाच्या आत कुणी गेलं असेल त्या घरापुढून जाताना बँड थांबतो. अलीकडच्या दोन घरांपासून पलीकडच्या दोन घरांपर्यंत वाजप बंद, गाणी बंद, हसणंही बंद. नुसतं चालायचं. बँडवाले तिला चूप म्हणतात. घर ओलांडलं की साइड ड्रमवाला रोल देतो आणि सगळे एका ठोक्यावर पुन्हा सुरू होतात. पुतण्याच्या लग्नात वाटेवरच्या एका घरी म्हातारे वारले होते, त्यामुळे माझ्या रेकॉर्डिंगमध्ये सातव्या मिनिटाच्या आसपास दीड मिनिटाची चूप होती. पडद्यावर ती जागा सपाट दिसायची, मधूनच विझलेली.

मी ती कापून टाकली. न ऐकता. दोन्ही टोकं जोडली, सांधा दिसेनासा केला, आणि मला वाटलं काम फत्ते.

का कापली ते मला पक्कं माहीत आहे. नवरा गेल्यावर वर्षभर गावातली प्रत्येक वरात आमच्या घरापुढे चूप झाली. मी खिडकीच्या मागे उभी असायचे. लांबून बँड यायचा, जवळ यायचा, आणि आमच्या दोन घरं अलीकडे मेल्यासारखा बंद. नुसत्या चपला. बायकांच्या बांगड्या. कुणीतरी खोकायचं. मग आमचं घर मागे टाकून पुन्हा सुरू. ते मान देत होते, मला कळत होतं. पण त्या माणसाच्या दारात ड्रम बंद! मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे वाजवा रे, इथे तरी वाजवा, इथेच तर वाजवायला पाहिजे! नाही सांगितलं. वर्षभर ऐकली ती चूप, आणि मला तिचा वीट आला होता. मुलीच्या लग्नात पुन्हा ती मला नको होती.

रविवारी मिस्सा झाल्यावर मुलीला ओट्यावर बसवलं आणि स्पीकर लावून ऐकवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. पहिल्यांदा हसली. मग पाय हलवायला लागली. आणि सातव्या मिनिटाला तिने डोळे उघडले.

"चूप कुठे गेली?"

मी म्हटलं, "काढली. लग्नात कशाला ती?"

"मम्मी!" ती ताडकन उठली. "अगं, चुपीत तर डॅडी वाजवायचे!"

मला काही समजेना. चुपीत कोण वाजवतं? तिने सांगितलं ते असं. चूप झाली की बाकीचे वाद्य खाली घेऊन चालायचे. पण घर ओलांडल्यावर सगळ्यांना एकाच लयीत उचलायचं असतं, म्हणून डॅडी ड्रमच्या कडेवर बोटाने ठोका चालू ठेवायचे. इतका हळू की पट्टा धरून चालणाऱ्या पोरीलाच ऐकू यायचा. तिला ते गुपित वाटायचं. ती आपली पावलं त्याच्यावर टाकायची. मागून हंडे घेऊन येणाऱ्या आम्हा बायकांना यातलं कधी काही कळलं नाही. बावीस वर्षं मी मागून चालले आणि मला माहीत नव्हतं.

नशिबाने मूळ रेकॉर्डिंग फोनमध्ये तसंच होतं. त्याच दुपारी मी ती चूप परत आणली आणि जेवणाच्या टेबलाशी बसले. आधी नुसती ऐकली. चपला, रहाटाचा लांबून कुरकुर आवाज, एक कुत्रा. बाकी काही नाही. मग जे शिकले होते ते सगळं लावलं. रेघ खाली घेतली, अगदी खाली. चपला दाबल्या. कुत्रा दाबला. रिलीज पटकन केला, म्हणजे चपलेचा आवाज संपला रे संपला की हात सोड. आणि मग आवाज वाढवत गेले, वाढवत गेले, वाढवत गेले.

टक. टक. टक. टक.

तोच. टेबलावरचा, सोफ्यावरचा, बसच्या खिडकीवरचा. माझं डोकं उठवणारा.

मी हात तोंडावर दाबून ऐकत होते. आणि पाऊण मिनिट झाल्यावर, त्या ठोक्यांच्या वर, त्याचा आवाज आला. कुजबुजत होता, फोनच्या अगदी जवळ. आमच्या बोलीत. तुम्हाला कळावं म्हणून साध्या मराठीत लिहिते. "हे बघ. चुपीतसुद्धा हलत नाही. घरी गेल्यावर लाव आणि मोज. पळतोय का सांग मला."

आणि त्यावर माझा आवाज. दबका, पण खडसावून. "पुढे बघून चाल."

एवढंच म्हणाले होते मी. मला ते आठवतही नव्हतं. तो मला काहीतरी दाखवत होता, ड्रमची कडा माझ्याकडे वळवून दाखवत होता, आणि मी म्हटलं पुढे बघून चाल.

मी मोजलं. मोजण्यात माझा हात कुणी धरणार नाही. त्या सॉफ्टवेअरमध्ये उभ्या रेघा असतात, ठोक्याच्या मापाच्या. विहिरीजवळचे पहिले आठ ठोके घेतले, त्यांच्या मापाच्या रेघा अकरा मिनिटांवर पसरल्या, आणि बघत गेले. दुसरं मिनिट, चौथं, सहावं. चूप. चुपीतले सगळे ठोके. मग रोल, मग पुन्हा बँड, अगदी घरच्या दारापर्यंत. काठ्या रेघांवर पडत होत्या. थोडं इकडे, थोडं तिकडे, माणूसच होता तो. पण पळत नव्हता. कुठेच पळत नव्हता. इतर दिवसांचं मला माहीत नाही, पण ज्या दिवशी मी पुरावा घ्यायला गेले त्या दिवशी तरी तो जसा निघाला तसाच घरी पोचला होता. माझीच पावलं आखूड.

मी दोनदा पुन्हा मोजलं. मग लॅपटॉपवर डोकं ठेवून रडले. बावीस वर्षांचं भांडण मी हरले होते आणि जिंकलेला माणूस घरात नव्हता. सांगू कुणाला? त्याच्या फोटोला सांगून बघितलं. फोटोला सांगण्यात काही अर्थ नसतो, उगाच लोक म्हणतात.

आता प्रश्न उरला चुपीचा. दीड मिनिटाची चूप वाटेत पडणार कुठे? ज्यांच्या दारात काही झालेलं नाही त्यांच्यापुढे स्पीकर गप्प झाला तर लोक काठ्या घेऊन येतील, आणि बरोबरच आहे त्यांचं. जाऊबाई म्हणाल्या, "काढून टाक ती. लग्नघर आहे, अभद्र दिसतं." मुलगी म्हणाली, "चूप आमच्याच दारात होऊ दे. माणूस आमचा गेलाय." जाऊबाई म्हणाल्या, वर्ष होऊन गेलं. मुलगी म्हणाली, "तुमचं झालं असेल, काकी." मग तसंच ठरलं.

मी संध्याकाळी रिकामा हंडा डोक्यावर घेऊन विहिरीपासून घरापर्यंत चालून बघितलं. एकदा नाही, चारदा. शेजारच्या वाडीत केळीला पाणी लावणारा माणूस बघतच राहिला. हिशेब बसला तो असा, की विहिरीवरून निघाल्यावर वाटेवरच्या दगडी क्रूसापाशी बटण दाबायचं, म्हणजे सातव्या मिनिटाला आम्ही आमच्या कुंपणापाशी.

साउंडवाल्याने हातगाडीवर दोन स्पीकर बांधून आणले. त्याचा हळदीचा मोठा संच नाही, छोटे. निघायच्या आधी मला बाजूला घेऊन म्हणाला, "वयनी, तुमचा तो आवाज, दटावलेला. काढू का? दोन मिन्टाचा काम." मी म्हटलं, "राहू दे भाऊ. बोलले आहे मी ते."

जाताना बायकांनी गाणी म्हटली. हंडे भरले. येताना मुलगी हातगाडीच्या बाजूला चालत होती, डोक्यावर हंडा, एक हात गाडीच्या दांडीवर. क्रूसापाशी साउंडवाल्याने बटण दाबलं आणि माझा नवरा वाजवायला लागला. घराघरांतून लोक बाहेर आले. बँडमधला म्हातारा कॉर्नेटवाला ओट्यावर उभा राहिला आणि त्याने टोपी काढली. मी मुद्दाम मुलीच्या शेजारी, पुढे चालत होते. मागे नाही. पाणी मानेवरून उतरत होतं ते उतरू दिलं.

आमचं कुंपण आलं आणि बँड बंद झाला.

बायका थांबल्यासारख्या झाल्या, मग चालू लागल्या, हळू. आणि स्पीकरमधून ते आलं, बोटाचं, टक, टक, टक, टक. पहिल्यांदा मुलीची पावलं त्यावर पडली. मग माझी. मग मागच्या बायकांची, एकेक करून, कुणी सांगितलं नाही तरी. अख्खी वरात त्याच्या बोटावर चालत आमच्या दारापर्यंत आली. तिथे तो कुजबुजला, पळतोय का सांग मला. लगेच माझा आवाज आला, पुढे बघून चाल, आणि मागे काही बायका फिसकन हसल्या. त्यांना माझा स्वभाव माहीत आहे.

मी हातगाडीकडे तोंड करून मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "नाही पळत रे. मोजलं मी. नाही पळत."

तो टकटक करत राहिला. मग रोल आला, श्वास रोखून मारलेला, आणि मुलीने उंबऱ्यात पाऊल टाकलं त्याच ठोक्याला ड्रम सुरू झाला, अगदी वेळेवर.